ठिपक्यांची वही

वर्षातून एक दिवस आमचे सारे घर पहाटे चार वाजता उठते. बंब पेटतो, उटण्याचा वास दरवळतो, पायाच्या अंगठ्याखाली कारेटे फुटते आणि पुरते उजाडायच्या आत फराळाची ताटे पुढ्यात येतात. नरकचतुर्दशीच्या त्या ताटावर बसून मी दर वर्षी जाहीर करतो की, आता रोज असेच उठायचे. आणि भाऊबीजेला मी साडेसातला उठतो. घरातल्या मंडळींना ही घोषणा आता चकलीइतकीच परिचयाची झाली आहे. ती कुरकुरीत लागते आणि लगेच संपते, एवढेच तिच्याबद्दल त्यांचे म्हणणे.

या निश्चयभंगाच्या दुःखात मला एका थोर माणसाची सोबत वाटत आली आहे. तो माणूस म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन. विजेचा दांडा शोधून काढणारा, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा फ्रँकलिन आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो. परंतु आपल्या सवयी सुधारण्यासाठी रीतसर वही घालणारा, तीत स्वतःच्या चुकांचे ठिपके मोजणारा आणि अखेर त्या ठिपक्यांशी तह करणारा फ्रँकलिन मला अधिक जवळचा आहे.

आधी पहाटेचीच गोष्ट सांगतो. 1784 साली हे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते आणि पॅरिसजवळच्या पासी गावात अमेरिकेचे वकील म्हणून राहत होते. त्या एप्रिलात पॅरिसच्या एका दैनिकात त्यांचे पत्र छापून आले. मध्यरात्रीनंतर तीन-चार तास उलटल्यावर आपण निजलो, नोकर खिडक्यांची दारे लावायला विसरला, सकाळी सहाला कसल्याशा आवाजाने जाग आली आणि पाहतो तो खोलीभर उजेड! सूर्य इतक्या लवकर उगवतो आणि उगवताक्षणी उजेड देतो, हा आपल्याला लागलेला मोठाच शोध आहे, असे त्यांनी अगदी गंभीर चेहऱ्याने लिहिले. मग हिशेब मांडला. पॅरिसात एक लाख कुटुंबे धरा. 20 मार्च ते 20 सप्टेंबर या 183 रात्री. रोज सात तास मेणबत्त्या जळतात. म्हणजे 12,81,00,000 तास, 6,40,50,000 पौंड मेण आणि चरबी, आणि 9,60,75,000 लिव्र एवढा चुराडा! उपाय काय? खिडकीच्या दारांवर कर बसवा, मेणबत्त्यांच्या दुकानांवर पहारे ठेवा, सूर्योदयाला देवळांच्या घंटा वाजवा, आणि तेवढ्याने भागले नाही तर रस्त्यारस्त्यांतून तोफा डागा. अडचण काय ती पहिले दोन-तीन दिवस पडेल, पुढे अंगवळणी पडेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. (घड्याळे पुढे सरकवण्याची कल्पना या पत्रातून निघाली असे पुष्कळ ठिकाणी सांगतात, पण घड्याळाचा काटा हलवण्याविषयी त्यात अवाक्षर नाही.)

मौज अशी की, त्याच 1784 साली, त्याच पासी गावात, हाच थट्टेखोर म्हातारा आपल्या आत्मचरित्राचा दुसरा भाग लिहीत होता आणि त्यात अर्ध्या शतकापूर्वीच्या त्या वहीची हकीकत सांगत होता.

वही घातली तेव्हा फ्रँकलिन पंचविशीच्या आसपास होते. फिलाडेल्फियात छापखाना, हातात नुकताच येऊ लागलेला पैसा, नवा संसार. निर्दोष व्हायचे असे त्यांनी ठरवले. आणि लवकरच त्यांच्या ध्यानात आले की, एका दोषावर नजर ठेवावी तो दुसरा मागच्या दाराने आत शिरतो. नुसता निश्चय पुरत नाही. वाईट सवय मोडून तिच्या जागी चांगली बसवावी लागते. म्हणून त्यांनी तेरा गुणांची यादी केली: मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निश्चय, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, समतोल, स्वच्छता, शांती, संयम आणि नम्रता. क्रमही विचारपूर्वक लावलेला. पोट हलके तर डोके ताळ्यावर, म्हणून मिताहार पहिला. स्वारीला बडबडीची, कोट्या करण्याची खोड फार, म्हणून मौन दुसरे.

प्रत्येक गुणाला एक पान. पानावर तांबड्या शाईने सात उभे रकाने, आठवड्याच्या वारांचे. आणि तेरा आडव्या ओळी. रात्री दिवसाची तपासणी करायची आणि जिथे चूक झाली त्या चौकटीत काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात एकाच गुणाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचे, त्याची ओळ कोरी ठेवायची. बाकीच्यांचे होईल ते होवो. बागेतले सारे तण एका दिवशी उपटता येत नाही, एकेक वाफा घ्यावा लागतो, हे त्यामागचे तत्त्व. तेरा आठवड्यांत एक आवर्तन, वर्षात चार. दिवसाचेही वेळापत्रक होते: पाचला उठून आज कोणते भले काम हातून व्हावे याचा विचार, मग छापखाना, दुपारी वाचन आणि हिशेब, संध्याकाळी वस्तू जागच्या जागी ठेवणे, गाणे, गप्पा, आणि दहाला झोप.

ठिपके किती पडावेत! आपल्या अपेक्षेपेक्षा आपल्यात दोष पुष्कळच निघाले, असे ते प्रांजळपणे सांगतात. जुने ठिपके खरवडून नवे देता देता वहीच्या कागदाला भोके पडली. तेव्हा हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. पेन्सिलीचा ठिपका ओल्या स्पंजाने पुसता येई.

सर्वांत छळले ते व्यवस्थितपणाने. स्मरणशक्ती दांडगी असल्यामुळे लहानपणापासून वस्तू जागेवर ठेवण्याची गरजच पडली नव्हती. आणि छापखानेवाल्याला गिऱ्हाईक येईल तेव्हा उठावे लागते, वेळापत्रक काय करणार? इथे त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि सगळे पाते धारेसारखे चकचकीत करून मागितले. लोहार म्हणाला, करतो, तुम्ही चाक फिरवा. लोहाराने पाते दगडावर असे दाबून धरले की चाक फिरवणाऱ्याचा घाम निघाला. तो मधूनमधून येऊन पाही, पाते अजून ठिपक्याठिपक्यांचेच. अखेर म्हणाला, राहू द्या, आहे तशीच नेतो. लोहार म्हणे, अहो फिरवा, हळूहळू होईल. त्यावर गिऱ्हाइकाचे उत्तर असे की, मला वाटते ठिपक्यांची कुऱ्हाडच मला जास्त आवडते. भाऊबीजेच्या सकाळी मला ही गोष्ट नेमकी आठवते.

नम्रता यादीत मुळात नव्हती. एका क्वेकर मित्राने सांगितले की, लोक तुम्हाला गर्विष्ठ समजतात, आणि नुसते सांगून न थांबता दाखलेही दिले. तेव्हा तेरावी ओळ वाढली. ही गोष्ट मला त्या सबंध वहीतली सर्वांत महत्त्वाची वाटते. बारा गुण स्वतःचे स्वतःला सुचले. तेरावा दुसऱ्याला दिसला.

या हकिकतीच्या जरा आधी एक घरगुती प्रसंग आहे. फ्रँकलिन रोज सकाळी दोन पेनींच्या मातीच्या वाडग्यात, कथलाच्या चमच्याने दूधपाव खात. एके दिवशी पाहतात तो चिनी मातीचे भांडे आणि चांदीचा चमचा! पत्नी डेबोराने त्यांना न विचारता तेवीस शिलिंग मोजून आणले होते. सबब एवढीच की, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यजमानांना चांदीचा चमचा, मग माझ्याच नवऱ्याने काय घोडे मारले आहे? काटकसरीच्या ओळीत त्या दिवशी ठिपका पडला की नाही, ते लिहिलेले नाही.

हे लिहिताना डेबोरा जाऊन दहा वर्षे होत आली होती. 1757 साली फ्रँकलिन लंडनला गेले ते 1762 ला परतले. 1764 ला पुन्हा गेले ते 1775 पर्यंत. तिला समुद्राची धास्ती, म्हणून ती कधी गेली नाही. 1769 मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला, तरी यांचे येणे लांबतच गेले. आणि 1774 च्या डिसेंबरात ती वारली तेव्हा हे लंडनलाच होते. आत्मचरित्राचा पहिला भाग 1771 साली मुलाला उद्देशून लिहिलेला. पुढे मुलगा इंग्रज राजाच्या बाजूने राहिला, बापलेकांची ताटातूट झाली, आणि दुसरा भाग मुलाला उद्देशून नाही.

आणखीही एक रिकामी चौकट आहे. न्याय हा यादीतला आठवा गुण. पण फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते. त्यांच्या वर्तमानपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती छापल्या जात. 1757 साली त्यांनी लंडनला दोन गुलाम बरोबर नेले, त्यातला एक तिथे पळाला. त्या वर्षांत न्यायाच्या ओळीत या कारणाने ठिपका पडला असेल, असे मला वाटत नाही. दिसायला हवा तर ठिपका पडणार! तो दिसायला म्हातारपण उजाडले. 1787 साली ते पेन्सिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले, आणि 1790 च्या फेब्रुवारीत गुलामगिरी नष्ट करण्याची मागणी करणारा त्यांच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहापुढे गेला. 17 एप्रिलला ते वारले.

पासीत त्यांची वागणूक पहिल्या गुणालाही धरून नव्हती. 1780 च्या ऑक्टोबरात संधिवाताने आडवे झाले असता त्यांनी संधिवाताशी स्वतःचा संवाद लिहिला, आणि त्यात दुखण्याकडूनच आपली खरडपट्टी काढून घेतली: फार खाता, चालायला हवे तेव्हा बुद्धिबळ मांडून बसता! वहीची आवर्तनेही केव्हाच विरळ झाली होती. आधी वर्षाला एक, मग काही वर्षांनी एक, मग बंद. पण वही मात्र ते जातील तिथे बरोबर असे. काबानिस नावाच्या तरुण फ्रेंच वैद्याने ती हाताळल्याचे लिहून ठेवले आहे.

अशी एक वही मीही घातली होती. 1974 च्या दिवाळीत, पाडव्याच्या मुहूर्तावर, दुकानातून आणलेल्या रोजकीर्दीच्या वहीत. तेरा गुण झेपणारे नव्हते, मी पाच घेतले, पहिलाच राग. कचेरीतला ताप घरी आणून काढायचा, हा माझा तेव्हाचा शिरस्ता होता. पहिल्या आठवड्यात रागाच्या ओळीत एकच ठिपका पडला आणि मी स्वतःवर खूश झालो. शनिवारी रात्री वही उघडून बसलो असता माझी सहा वर्षांची मुलगी जवळ आली. हे काय आहे, म्हणून विचारू लागली. मी सांगितले, ज्या दिवशी बाबा रागावतात त्या दिवशी इथे ठिपका द्यायचा. तिने पेन्सिल मागून घेतली, वार विचारून घेतले आणि जीभ दातांत धरून ठिपके द्यायला सुरुवात केली. सोमवारी एक. बुधवारी एक. मंगळवारच्या चौकटीत तिने तीन दिले. त्यातले दोन मला आठवत होते. तिसरा कशाचा, असे मी विचारले.

ती म्हणाली, "तो तुम्ही आईला बोललात त्याचा. आम्ही निजलो होतो ना, तेव्हाचा."