लांडगा आणि दप्तर : एका चालू वादाचीं जुनीं साधनें

इ. स. २०२४ मध्यें उत्तर प्रदेशांतील बहराइच जिल्ह्यांत लांडग्यांच्या हल्ल्यांत कांहीं बालकांचा बळी गेला व वनखात्यानें ‘ऑपरेशन भेडिया’ या नांवानें त्या जनावरांस पकडण्याची मोहीम काढली. त्या प्रसंगीं एक जुना वाद पुनः उपस्थित झाला. लांडगा हा मनुष्याचा अनादि शत्रु असून त्याचा निःपात करणेंच इष्ट, असें एक पक्ष म्हणतो. आपल्या पूर्वजांनीं त्यास सदैव अभय दिलें होतें, असें दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही पक्ष इतिहासाची साक्ष काढतात. ती साक्ष कितपत टिकते, एवढेंच पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लांडगा मारावा कीं राखावा हा निर्णय इतिहासाभ्यासकाचा नव्हे. परंतु त्या निर्णयास लागणारा पुरावा पारखणें हें मात्र त्याचेंच काम आहे.

प्रथम प्राचीन वाङ्मय घेऊं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील ११६ व ११७ या सूक्तांत ऋज्राश्वाची कथा सूचित केली आहे. त्यानें एका वृकीस, म्हणजे लांडग्याच्या मादीस, शंभर, व एका ऋचेप्रमाणें एकशें एक, मेंढे कापून दिले. त्या अपराधाबद्दल पित्यानें त्यास अंध केलें आणि अश्विनांनीं त्यास दृष्टि परत दिली. विशेष हें कीं, त्या अंधासाठीं अश्विनांचा धांवा करणारी ती वृकीच आहे. मेंढ्यांच्या धन्याचा क्रोध व वृकीची कृतज्ञता हीं दोन्ही येथें एकाच ठिकाणीं नांदतात. त्याच वेदांत अन्यत्र वृक हा मेंढ्यांचा काळ म्हणूनहि येतो. सारांश, ‘सदैव शत्रु’ आणि ‘सदैव अभय’ हे दोन्ही सिद्धान्त मुळाशींच ढांसळतात.

दुसरी अडचण नांवांची. अमरकोशांत कोक, ईहामृग व वृक हीं एकाच प्राण्याचीं नांवें म्हणून दिलीं असून तरक्षु निराळा सांगितला आहे. त्या तरक्षूपासूनच आपला ‘तरस’ हा शब्द आला. कोशकारानें पाळलेला हा विवेक मागाहूनचे लेखक पाळतातच असें नाहीं. लांडगा, तरस, कोल्हा, खोकड व कोळसुंदा यांची गल्लत आजहि सर्रास होते. म्हणून जुन्या कागदांत ‘जनावरानें मेंढरूं नेलें’ एवढाच मजकूर असेल, तर तेथें लांडगा वाचण्याचा मोह आवरलाच पाहिजे.

दक्षिणेंतील लांडग्याविषयीं निःसंदिग्ध लेख मिळतो तो इ. स. १८३१ चा. कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यानें त्या वर्षीं दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडन येथें प्रसिद्ध केली व लांडग्यास ‘कॅनिस पॅलिपीस’ असें शास्त्रीय नांव दिलें. पॅलिपीस म्हणजे फिकट पायांचा. संस्कृतांत म्हणावयाचें तर पाण्डुपाद. त्यापुढें मराठी ‘लांडगा’ हें नांव त्यानें नोंदविलें आहे. हा प्राणी दख्खनच्या मोकळ्या खडकाळ माळांवर पुष्कळ असून घांटांतील रानांत आढळत नाहीं, असाहि त्याचा अभिप्राय आहे. आमच्या मतें हा अभिप्राय प्रस्तुत वादांतील अत्यंत मोलाचें साधन होय. कारण तो लिहिणारास बक्षीस मिळवावयाचें नव्हतें कीं भरपाई मागावयाची नव्हती.

पुढील साधनांविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. ब्रिटिश अमदानींत लांडगा मारणारास सरकारी बक्षीस मिळूं लागलें. इ. स. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत सुमारें २,००,००० लांडगे मारले गेले, असा हिशेब इतिहासकार महेश रंगराजन यांनीं मांडला आहे. सरासरीनें हे वर्षास ४,००० होतात. आज सबंध भारतांत २,००० ते ३,००० लांडगे उरले असावेत असा अंदाज आहे; म्हणजे त्या काळच्या एका वर्षाच्या संहाराइतकीहि आजची एकूण संख्या नाहीं. हा आंकडा वाचून कोणाचेंहि मन हलेल. परंतु साधनाच्या दृष्टीनें पाहतां, बक्षिसाचें पुस्तक हें लांडग्यांचें खानेसुमारीपत्रक नव्हे. तें दिलेल्या पैशांचें पुस्तक आहे. लांडग्याचें पिल्लूं कोणतें व कोल्ह्याचें कोणतें हें ओळखणें अवघड; तेव्हां संख्या फुगण्यास वाव होता. उलट, जो लांडगा मेंढपाळानें रानांतच मारला व ज्याचें कातडें कचेरींत गेलें नाहीं, तो या पुस्तकांत नाहीं. तात्पर्य, संहार प्रचंड झाला हें निश्चित. पण ‘पूर्वीं अमुक जिल्ह्यांत इतके लांडगे होते’ असें या पुस्तकावरून सांगणें धाडसाचें आहे.

आज चक्र उलटें फिरलें आहे. इ. स. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत लांडग्याचें नांव आहे, आणि महाराष्ट्रांत लांडग्यानें मारलेल्या मेंढराबद्दल धन्यास भरपाई मिळते. पूर्वीं मारणारास पैसा, आतां गमावणारास पैसा. पण कागदाचा दोष तोच. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं उतरणारा धनगर पंचनाम्यासाठीं थांबूं शकत नाहीं. त्याचें नुकसान दप्तरांत चढत नाहीं आणि लांडग्याविषयीं त्याचें मतहि चढत नाहीं. लांडगा हा कळपांतील आपला वाटेकरी आहे, अशी भावना कांहीं धनगरांत आढळते. ऋज्राश्वाच्या कथेशीं तिचा संबंध जोडण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. मात्र ज्याचीं मेंढरें जातात त्याची साक्ष वगळून चाललेला वाद एकांगी होय, हें उघड आहे.

अमेरिकेंतील यलोस्टोन उद्यानांतून लांडगा इ. स. १९२६ पर्यंत नाहींसा करण्यांत आला व इ. स. १९९५ आणि १९९६ मध्यें कॅनडांतून ३१ लांडगे आणून तेथें पुनः सोडण्यांत आले. आपल्याकडे तो नाहींसा झालेला नाहीं. सोलापुराजवळील नान्नजच्या माळावर तो आजहि आहे. म्हणून आपला प्रश्न त्यास परत आणण्याचा नसून त्याचा माळ राखण्याचा आहे. तो माळ सरकारी कागदांत बहुधा ‘पडीक’ ठरतो. मग तेथें नांगर तरी फिरतो, नाहीं तर झाडें तरी लावलीं जातात. साइक्सनें पाहिलेला माळ पडीक नव्हता, तो चराईचा होता, हें दाखविणारे कागद कुरणांच्या व वनचराईच्या हिशेबांतच सांपडण्याचा संभव आहे.

यास्तव संग्राहकांस आमची विनंती आहे. राजकारणाचीं पत्रें जपतांना गांवदप्तरांतील कुरण, वनचराई, मेंढरांची मोजदाद व जनावर मारल्याच्या बक्षिसाची पावती असे कागद क्षुल्लक म्हणून टाकून देऊं नयेत. गांवाचें नांव, मिति आणि जनावरासाठीं योजिलेला मूळ शब्द, हीं तीन जशींच्या तशीं उतरून घ्यावींत. असे पांचपन्नास कागद एकत्र झाले, तर कोणत्या माळावर मेंढरें व लांडगा हीं दोन्ही किती काळ एकत्र राहिलीं, हें अनुमानानें न सांगतां पुराव्यानें सांगतां येईल. माळ झपाट्यानें जात आहेत आणि कागदांस वाळवी लागत आहे. दोहोंपैकीं कागद वांचविणें तरी आपल्या हातीं आहे.