प्रस्थानाचा अधिकार आणि प्रस्थानाची तयारी : एकल सागरप्रवासाचा इतिहास, कोल्हापुरातून पाहताना

प्रस्तावना

मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापन करताना आरमाराचा विषय आला की विवेचन बहुधा सिंधुदुर्गाच्या पायाभरणीपाशी (१६६४) सुरू होते आणि कान्होजी आंग्रे यांच्या निधनापाशी (१७२९) थांबते. त्यानंतर समुद्र आपल्या पाठ्यपुस्तकांतून जणू नाहीसाच होतो. कोल्हापूरसारख्या घाटमाथ्यावरील शहरात ही उणीव विशेष जाणवत नाही, कारण आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना समुद्र भेटतो तो सहलीपुरताच. मात्र एके काळी कोल्हापूरच्या छत्रपतींची सत्ता मालवण बंदरापर्यंत पोहोचलेली होती आणि मराठी राज्यव्यवहारातील आरमारविषयक महत्त्वाचे लेखन याच गादीच्या आश्रयाने झाले, हे विसरून चालणार नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय वरवर पाहता या परंपरेपासून दूरचा वाटेल. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची स्पर्धा हा विसाव्या शतकातील युरोपीय प्रकार होय. तथापि त्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर मुंबईत बांधलेली एक नौका आहे आणि अलीकडच्या पानांवर गोव्यात बांधलेल्या नौका आहेत. हा धागा नीट तपासला असता प्रश्न केवळ साहसाचा उरत नाही. किनारा सोडण्याचा निर्णय कोणाच्या हाती होता आणि त्यासाठी लागणारी सिद्धता कोणी केली, असे दोन प्रश्न समोर येतात.

उद्दिष्टे

१. ‘प्रस्थान’ ही घटना इतिहासाच्या अभ्यासाचे एकक म्हणून तपासणे.
२. १९६८ च्या पहिल्या एकल जगप्रदक्षिणा स्पर्धेचे भारतीय संदर्भ स्पष्ट करणे.
३. ‘सागर परिक्रमा’ उपक्रमाचे ऐतिहासिक महत्त्व मांडणे.

आज्ञापत्रातील आरमार

रामचंद्रपंत अमात्य यांचे ‘आज्ञापत्र’ इ. स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत सिद्ध झाले. त्यातील आरमारविषयक प्रकरण आपण सामान्यतः राज्यांगांच्या चर्चेसाठी शिकवतो. परंतु ते बारकाईने वाचल्यास एक गोष्ट ध्यानात येते. अमात्यांनी पराक्रमाच्या वर्णनात वेळ घालवलेला नाही, त्यांचे लक्ष सिद्धतेकडे आहे. गुराबा फार मोठ्या नसाव्यात आणि फार लहानही नसाव्यात. लाकूड कोठून व कोणत्या रीतीने आणावे. रयतेची आंब्याफणसाची झाडे मालकाच्या संमतीवाचून तोडू नयेत. पावसाळ्यात आरमाराची छावणी कोणत्या प्रकारच्या बंदरात करावी, अशा तपशिलांनी ते प्रकरण भरलेले आहे.

थोडक्यात, नौका बंदराबाहेर पडते त्या क्षणाचे भवितव्य त्याआधीच्या महिन्यांत जंगलात, गोदीत आणि कोठारात ठरलेले असते, अशी दृष्टी या लेखनामागे आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून बसरूरच्या स्वारीसाठी स्वतः समुद्रमार्गे निघाले, तेव्हा सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. त्या धाडसामागेही गलबते बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या कोळी, भंडारी, दालदी आदी समाजांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान उभे होते.

प्रस्थानाचा अधिकार

भारतीय लोक धर्मबंधनामुळे समुद्रावर गेले नाहीत, असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. कलिवर्ज्य प्रकरणात समुद्रगमनाचा निषेध आहे, हे खरे. परंतु त्या निषेधाचा दाब मुख्यतः उच्चवर्णीयांवर होता. किनाऱ्यावरील श्रमिकांचे जीवन समुद्रावाचून कधीच चालले नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून होड्या पाण्यात लोटणाऱ्या समाजाला समुद्रनिषेधाचे तत्त्वज्ञान लागू करणे ही अभ्यासकांची चूक ठरते. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर कोकणातील खलाशांच्या पिढ्या राबल्या, तेव्हा ते जगभर हिंडलेच होते.

खरा प्रश्न अधिकाराचा होता. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीचा करून हिंदी महासागरात कोणी, कोठून आणि कोणता माल घेऊन निघावे हे ठरवण्याचा हक्क स्वतःकडे घेतला. आंग्र्यांनी पुढे स्वतःचे दस्तक देण्यास सुरुवात केली. त्याचा अर्थ असा की, संघर्ष लुटीपुरता नव्हता, त्याच्या मुळाशी प्रस्थानावरील सार्वभौमत्व होते. इंग्रजांनी १७६५ मध्ये सिंधुदुर्ग जिंकून त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले व नंतर तहाने तो परत केला. अखेर १८१२ च्या तहान्वये मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या हातून कायमचे गेले. एका राज्याचे बंदर गेले म्हणजे केवळ जकातीचे उत्पन्न जात नाही, आपल्या इच्छेने किनारा सोडण्याची मुभाही जाते. खलाशी राहिले, सुतार राहिले. मात्र कोठे जायचे हे आता दुसरे ठरवू लागले.

मुंबईची नौका आणि १९६८ ची दोन प्रस्थाने

नौकाबांधणीची कारागिरी मात्र टिकून होती. जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही १८१७ ची युद्धनौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. याच परंपरेचे धाकटे अपत्य म्हणजे ‘सुहैली’ होय. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतील तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ही ३२ फुटी सागवानी नौका मुंबईत कुलाब्याच्या कारखान्यात बांधून घेतली आणि ती १९६४ मध्ये पाण्यात उतरली. ती घडवणाऱ्या सुतारांची अवजारे पारंपरिक, हाताने चालवायची होती. नौकेचे नाव पर्शियन आखातातील वाऱ्याच्या अरबी नावावरून घेतलेले होते.

१९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ वृत्तपत्राने कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यासाठी ‘गोल्डन ग्लोब’ करंडक जाहीर केला, त्याचबरोबर सर्वांत कमी वेळात प्रदक्षिणा करणाऱ्यास ५,००० पौंडांचे पारितोषिकही ठेवले. एकच निश्चित प्रारंभदिन नव्हता. १ जून ते ३१ ऑक्टोबर या अवधीत कधीही निघण्याची मुभा होती. दक्षिण महासागर तेथील उन्हाळ्यात ओलांडला जावा, हा या मर्यादेमागील हेतू. परिणामी नऊ स्पर्धकांची प्रस्थाने नऊ वेगवेगळ्या परिस्थितींत झाली. त्यांतील दोन येथे तुलनेसाठी घेऊ.

नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाले. ‘सुहैली’ संथ होती. म्हणून लवकर निघणे त्यांना भाग होते. परंतु नौकेची प्रत्येक फळी त्यांच्या परिचयाची होती आणि मुंबईहून इंग्लंडपर्यंतचा प्रवास तिने त्यापूर्वीच पूर्ण केला होता. याउलट डोनाल्ड क्रोहर्स्ट हे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर रोजी, टिनमथहून निघाले. घाईत बांधलेली त्यांची तीन सांगाड्यांची नौका अपुरी होती. अनेक सुटे भाग धक्क्यावरच राहून गेले. निघाल्यावर काही वेळातच शिडाच्या दोरांत अडथळा आल्याने त्यांना एकदा परतून पुन्हा निघावे लागले. भांडवल पुरवणाऱ्याशी झालेल्या करारामुळे माघार घेणे म्हणजे दिवाळखोरी पत्करणे होते. त्यांना न निघण्याचे स्वातंत्र्यच उरले नव्हते.

पुढील इतिहास सर्वज्ञात आहे. क्रोहर्स्ट दक्षिण महासागरात गेलेच नाहीत. अटलांटिकमध्येच राहून ते खोटी स्थाने कळवत राहिले, आणि जुलै १९६९ मध्ये त्यांची नौका निर्मनुष्य अवस्थेत सापडली. फ्रान्सचे बर्नार म्वातेसिए यांनी स्पर्धाच सोडून ताहिती गाठले. नऊ जणांपैकी एकच परतला. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, ‘सुहैली’ फालमथला पोहोचली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पारितोषिकाची रक्कम क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबीयांस दिली.

या यशाचे श्रेय नाविकाला मिळाले व ते योग्यच आहे. परंतु जी नौका अखेरपर्यंत टिकली तिच्या फळ्या जोडणारे मुंबईचे सुतार या इतिहासात बहुतांशी ‘स्थानिक कारागीर’ एवढ्याच ओळखीने वावरतात. इतिहासलेखनाने मनाला लावून घ्यावी अशी ही बाब आहे.

दिवाडीहून मुंबई : सागर परिक्रमा

‘सुहैली’नंतर चार दशके भारतीय नाविकाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली नाही. ही कल्पना तडीस नेण्यासाठी पाठपुरावा केला तो निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धातील कामगिरीबद्दल वीरचक्राने गौरवलेले हे अधिकारी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी येथे राहत होते. समुद्राचे स्वप्न सातारा जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात जोपासले गेले, हा योगायोग घाटमाथ्यावरील अभ्यासकाला सुखावणारा आहे. आवटी यांचे निधन नोव्हेंबर २०१८ मध्ये झाले.

नौदलाच्या आवाहनाला २००६ मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी प्रतिसाद दिला. त्या वेळी हाती नौका नव्हती आणि अशा प्रवासाचा अनुभवही नव्हता. त्यांनी प्रथम साक्षात नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे उमेदवारी केली. त्या वर्षी नॉक्स-जॉन्स्टन पुन्हा एका एकल जगप्रदक्षिणा स्पर्धेसाठी स्पेनमधील बिल्बाओ येथून निघत होते. त्यांच्या तयारीत दोंदे यांनी किनाऱ्यावरचा मदतनीस म्हणून काम केले. अन्य नाविकाचे प्रस्थान जवळून पाहणे हाच त्यांचा पहिला धडा ठरला.

दरम्यान गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत ५६ फुटी ‘म्हादेई’ आकारास येऊ लागली. आराखडा डच, हात मात्र येथलेच. मांडवी नदीच्या उगमाकडील नावाचा वारसा सांगणारी ही नौका फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. दोंदे तिच्या बांधणीत आरंभापासून गुंतलेले होते. आज्ञापत्रकारांना ही पद्धत अपरिचित वाटली नसती.

१९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ने मुंबई सोडली. नारळी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाले होते. हॉर्न भूशिर दक्षिणेकडील उन्हाळ्यात ओलांडता यावे, असे हे गणित होते. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन असे चार मुक्काम करून दोंदे मे २०१० मध्ये मुंबईस परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्या किनाऱ्यावरील साहाय्यकांत असलेले अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच नौकेतून मुंबईहून निघाले आणि कोठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी परतले. पहिल्याने दुसऱ्याला किनारा सोडायला शिकवावे, ही गुरुशिष्यपरंपरा येथेही दिसते.

परिक्रमेकडून शर्यतीकडे

‘परिक्रमा’ या शब्दाची निवड अर्थपूर्ण आहे. परिक्रमेत प्रतिस्पर्धी नसतो, निघाल्या जागी परत येणे हेच तिचे साध्य असते. शर्यतीचे प्रस्थान निराळे. १ जुलै २०१८ रोजी फ्रान्समधील ले साब्ल दोलोन येथून ‘गोल्डन ग्लोब’च्या सुवर्णमहोत्सवी स्पर्धेला प्रारंभ झाला, तेव्हा टॉमी ‘सुहैली’ची गोव्यात बांधलेली प्रतिकृती ‘तुरिया’ घेऊन उभे होते. उपग्रहाधारित दिशादर्शन वर्ज्य, सेक्स्टंट व कागदी नकाशे हीच साधने, असा नियम होता. तिसऱ्या क्रमांकावर असताना सप्टेंबरमध्ये वादळाने नौकेच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली.

कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवलेला हा नाविक ४ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच बंदरातून ‘बायानत’ या नौकेतून पुन्हा निघाला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा क्रमांक मिळवून परतला. पहिल्या आल्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी केवळ पुरुषांची असलेली ही स्पर्धा एका स्त्रीने जिंकली. भारतातही लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात गोव्याहून निघून ‘तारिणी’तून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

निष्कर्ष

१. एकल सागरप्रवासात नाविक एकटा असला तरी त्याचे प्रस्थान सामूहिक असते. सुतार, शीड शिवणारे, मार्गदर्शक आणि संस्था यांच्या श्रमांचा तो दृश्य क्षण होय.

२. भारतीयांच्या समुद्रविन्मुखतेचे कारण केवळ धर्मनिषेधात शोधणे अपुरे आहे. परवाने, तह आणि बंदरांचा ऱ्हास यांनी प्रस्थानाचा अधिकार हिरावला, याचा विचार व्हावयास हवा.

३. क्रोहर्स्ट आणि दोंदे यांच्या प्रस्थानांची तुलना दर्शवते की ज्याला न निघण्याचे स्वातंत्र्य आहे त्याचेच निघणे खऱ्या अर्थाने स्वतंत्र असते. दोंदे यांना तयारीसाठी तीन वर्षे मिळाली. क्रोहर्स्ट यांच्या हाती केवळ मुदत होती.

४. मात्र या घटनांना ‘प्राचीन वैभवाचे पुनरुज्जीवन’ म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. गुराबांचे आरमार आणि एकल स्पर्धा यांचे हेतू भिन्न आहेत. दोहोंना जोडणारा धागा आहे तो कारागिरीचा, आणि नेमका तोच आपल्या लेखनात सर्वांत दुर्बळ राहिला आहे.

कोकण आणि गोव्यातील नौकाबांधणी करणाऱ्या कुटुंबांकडील मौखिक इतिहास, हिशेबाच्या वह्या आणि अवजारांची नावे यांचे संकलन घाटमाथ्यावरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनीही हाती घेण्यासारखे आहे. ‘सुहैली’ घडवणाऱ्या हातांची नावे आपण वेळीच नोंदवली नाहीत. ‘म्हादेई’ घडवणाऱ्यांच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती निश्चित आहे.