पाण्याकाठचा विसावा

कोणत्याही नगराचा इतिहास म्हणजे केवळ लढायांची व राज्यकर्त्यांची नामावली नव्हे. दिवसभराच्या श्रमानंतर तेथील माणसे मुलाबाळांसह कोठे विसावत होती, हाही इतिहासच होय. आपल्या शहरापुरते बोलावयाचे, तर तो विसावा पाण्याच्या काठी सापडतो.

१६१० मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने खडकी हे नगर वसविले. मोगलांशी अखंड संघर्षाचा तो काळ. १६१६ मध्ये मोगल सैन्याने खडकीची नासधूस केली, तरी नगर पुन्हा उभे राहिले. उद्याची शाश्वती नसलेल्या त्या काळात मलिक अंबराने डोंगरातील पाणी भूमिगत नहरीने नगरात आणले. येथे पुढेही पिढ्या नांदतील, या विश्वासाविना एवढे कार्य कोण हाती घेईल?

पुढे खाम नदीच्या काठी, सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात, अठराव्या शतकात पाणचक्की आकारास आली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येथे येई, उंच भिंतीवरून हौदात कोसळे आणि त्याच पाण्याच्या बळावर जाते फिरे. त्या पिठावर फकीर, यात्रेकरू व वाटसरू यांच्या अन्नाची सोय होत असे. हौदाखाली प्रशस्त दालन असून वरच्या पाण्यामुळे ते उन्हाळ्यातही थंड राहते. पाण्याचा एकच प्रवाह दळण, गारवा आणि दृष्टीला सुख अशी तीन कामे करी. शेजारच्या विशाल वडाच्या सावलीत आजही आजी-आजोबा नातवंडांना घेऊन बसतात. तेथे कोणी कोणाची जात वा धर्म विचारीत नाही.

खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर अशी नगराची नावे पालटली. पाण्याकाठी बसण्याची रीत मात्र टिकली. तथापि, नहरींच्या मार्गांवर बांधकामे झाली, कित्येक ठिकाणी त्या बुजल्या, ही चिंतेची बाब होय. प्रवाह खंडित झाला की हौद कोरडा पडतो आणि कोरड्या हौदाशी कोणी फार वेळ थांबत नाही.

कुटुंबाचे स्वास्थ्य घराच्या चार भिंतींत जपले जाते हे खरे. परंतु चौघांनी मिळून बसावे अशी जागा पूर्वजांनी आपणांस दिली. एखाद्या रविवारी सहकुटुंब तेथे जावे, मुलांना पाण्याची वाट दाखवावी. ज्याची वाट ठाऊक असते, ते जपण्याची बुद्धीही होते.