नाताळ कुणाचा? दुष्काळातली मुलं आणि मिशनचे अहवाल

माझं गाव दुधनी. मुंबई-रायचूर रेल्वेमार्गावरचं, अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या हद्दीजवळचं. 'विषय कसा सापडला?' असं विचारणाऱ्यांना मी आधी हा रेल्वेमार्ग दाखवतो. पुण्याकडून येताना केडगाव लागतं, मग दौंड, सोलापूर, दुधनी आणि पुढे गुलबर्गा. १८६० मध्ये रेल्वे सोलापूरपर्यंत आली, १८७१ मध्ये रायचूरपर्यंत गेली. त्यानंतर या पट्ट्यात तीन मोठे दुष्काळ पडले: १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९००. शेवटच्या दुष्काळात, १९०० च्या उन्हाळा-पावसाळ्यात, देशभर साठ लाखांहून जास्त माणसं सरकारी मदतीवर जगत होती.

अशा काळात मुलं रस्त्यावर येतात. कुणाचे आईबाप वाटेत मरतात, कुणी गर्दीत चुकतं, तर कुणाला घरचेच सोडून जातात. त्यातली बरीच मुलं मिशनच्या आश्रमांत पोचली. अमेरिकन मराठी मिशनची अहमदनगर आणि सोलापूर ही मोठी केंद्रं होती. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन होतं. १९०० नंतर तिथल्या मुलीबायकांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

आता मुद्द्याकडे येऊ. मिशनच्या छापील साहित्यात या मुलांच्या नाताळाची वर्णनं येतात: नवे कपडे, गोडधोड, गाणी, अमेरिकेहून पेटीतून आलेल्या बाहुल्या. वाचायला छान वाटतं. पण संशोधक म्हणून तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पहिला प्रश्न: हे कुणासाठी लिहिलं? 'ज्ञानोदय'चे वाचक इथले होते. इंग्रजी अहवालांचे वाचक मात्र अमेरिकेत होते, आणि मुलांचा खर्च तेच उचलत होते. न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने १९०० मध्ये वाचकांकडून निधी जमवला. त्याच मोहिमेत मे महिन्यात 'क्विटो' नावाची बोट मका भरून भारताकडे निघाली. अनाथ मुलांच्या पालनपोषणाचा खर्चही वाचकांनी वाटून घेतला. म्हणजे नाताळाचं वर्णन ही एका अर्थी पावतीच होती: तुमचे पैसे पोचले, मूल हसतंय. पावती खोटी असते असं नाही, पण तिच्यात सगळा हिशोब नसतो.

दुसरा प्रश्न: 'अनाथ' कुणाला म्हटलं? सरकारी दुष्काळ संहितेत अनाथांसाठी वेगळे नियम होते, कारण भांडण खरंच होतं. दुष्काळ ओसरल्यावर एखाद्याचा मामा नाहीतर आजी शोधत आली तर मूल कुणाचं? त्याचा धर्म कोण ठरवणार? नाताळाच्या वर्णनात हा प्रश्न येत नाही. तो शोधायचा तर पुराभिलेखागारातल्या महसूल आणि दुष्काळ खात्याच्या फायली उघडाव्या लागतात.

तिसरा प्रश्न: लिहिणाऱ्याने स्वतः काय भोगलंय? इथे रमाबाई वेगळ्या ठरतात. १८७४ मध्ये, त्या सोळा वर्षांच्या असताना, दुष्काळी परिस्थितीत त्यांचे आईवडील गेले, मग मोठी बहीणही गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर उपाशीतापाशी भटकत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. १८९७ मध्ये त्यांनी आपले दुष्काळाचे अनुभव लिहून काढले, तेव्हा त्या मध्य प्रांतातून दुष्काळग्रस्त मुली आणत होत्या. परदेशी मिशनऱ्याला रस्त्यावरचं मूल 'दिसत' होतं. रमाबाई स्वतः ते मूल होऊन गेल्या होत्या. त्यांनाही परदेशातून देणग्या येत आणि त्यांचाही धर्मप्रसाराचा हेतू होता, हे लपवायचं कारण नाही. तरी त्यांच्या लिहिण्यात भूक नुसती बघितलेली नाही. पुढे १९१२ च्या सुमारास त्यांनी आणि मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यात शाळा काढली. केडगावहून तिथे जाणारी गाडी दुधनीवरूनच जायची.

मग त्या नाताळाचं करायचं काय? भक्तिभावाने वाचायचा की 'धर्मांतराचं नाटक' म्हणून फेकून द्यायचा? माझ्या मते दोन्ही वाटा आळशी आहेत. भुकेने अर्धमेलं झालेलं पोर पोटभर गोड खातं, हे त्या दिवशी त्याच्यासाठी खरंच होतं. त्याच पोराला आई आठवत असेल, हेही नाकारता येत नाही. एक गोष्ट अहवालात आहे, दुसरी नाही. कागदावर नाही म्हणून ती घडलीच नाही असं मानणं, ही आपल्या कामातली सगळ्यात महाग चूक.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक छोटं काम करून बघा. तुमच्या विषयातला सगळ्यात आनंदी कागद घ्या आणि तीन ओळी लिहा: कुणी लिहिला, खर्च कुणी केला, कोण बोललंच नाही. माझा प्रबंध त्या तिसऱ्या ओळीतून सुरू झाला.