काचेच्या फुलांची पन्नास वर्षे

फूल दाबून वाळवलं की त्याचा रंग जातो, आकार चपटा होतो. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या सगळ्यांचीच ही अडचण. तीच घेऊन अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक गुडेल १८८६ साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या होस्टरविट्झ इथे पोहोचले. तिथे लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्यांचा मुलगा रुडॉल्फ समुद्री प्राण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती काचेत करत. आता वनस्पती करा, अशी गुडेल यांनी गळ घातली. पहिले नमुने न्यूयॉर्कच्या जकात तपासणीत फुटले; पण तुकडे पाहूनच त्यांची खात्री पटली! खर्च बॉस्टनच्या वेअर मायलेकींनी उचलला.

साधनं साधीच होती. दिव्याची ज्योत, पायाने चालवायचा भाता, काचेच्या कांड्या, चिमटे. आपल्याकडे कुठलंही गुप्त यंत्र नाही, असं लिओपोल्ड सांगत. खरी अडचण होती रंगाची. सुरुवातीच्या अनेक प्रतिकृतींवर रंग बाहेरून लावलेला असे. पण गुळगुळीत काचेत रंग मुरत नाही. काही वर्षांनी थर सुटू लागतो. मग रंग काचेतच का असू नये? कोबाल्टचं संयुग मिसळलं की काच निळी होते. रंगीत काचेची पूड पाकळीवर पसरून तापवली, की ती पाकळीशी एकजीव होते. मात्र दोन्ही काचांचं प्रसरण सारखं नसेल, तर निवताना तडा जातो. म्हणजे नवी छटा हवी, तर मिश्रणही नव्याने जमवायला हवं.

१८९५ मध्ये लिओपोल्ड वारले. पुढची चाळीस वर्षं रुडॉल्फ एकट्याने काम करत राहिले. विकतची काच मनासारखी मिळेना, म्हणून पुढे बरीचशी काच ते स्वतःच बनवू लागले. १९२४ ते १९३२ या काळात त्यांनी रोगट, कुजकी फळं घडवली: बुरशी चढलेली स्ट्रॉबेरी, सडलेलं नासपती. आमच्या मते हीच त्यांची सर्वांत अवघड कामगिरी. ताज्या पाकळीचा एक रंग साधणं निराळं आणि सडण्याच्या शेकडो छटा साधणं निराळं.

१९३६ पर्यंत सुमारे ४,३०० प्रतिकृती झाल्या. रुडॉल्फ यांना मूल नव्हतं, शिष्यही त्यांनी तयार केला नाही. १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या काचेत काय काय मिसळलं होतं, हे संग्रह जपणारे आता रासायनिक तपासणीतून शोधतात.