त्वचेच्या बंधाची कुळकथा

डोंबिवलीच्या फलाटावरून सुटलेल्या लोकलच्या दाराशी, दांडा घट्ट धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर जो ताण येतो, तो कातडीतील प्रत्येक पेशीला तिच्या शेजारणीपासून ओढून काढू पाहत असतो. तरीही निरोगी त्वचा उसवत नाही, आणि ती का उसवत नाही याचा खुलासा होण्यास शास्त्राला सव्वाशेहून अधिक वर्षे खर्ची घालावी लागली.

या वृत्तांताची पहिली नोंद इटलीतील जूलिओ बिझोझेरो या विशीही न गाठलेल्या विद्यार्थ्याची. बाह्यत्वचेतील काटेरी दिसणाऱ्या पेशी जेथे परस्परांस भिडतात तेथे सूक्ष्म गाठी असतात, हे त्याने 1864 साली मांडले. योझेफ शाफर याने 1920 मध्ये त्यांना डेस्मोसोम हे नाव दिले खरे. परंतु पेशीतून पेशीत सलग जाणारे ते पूल असावेत हा समज, 1950 नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींची हद्द कोठेही मोडलेली नसून मध्ये सुमारे 30 नॅनोमीटरची फट आहे असे दाखवीपर्यंत, पुरता मावळला नव्हता.

त्या फटीत पकड कोणाची, याचा धागा दोन दिशांनी हाती आला. क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनी 1977 साली कॅल्शियमच्या सान्निध्यातच टिकणारी पेशींची एक पकड वेगळी ओळखली आणि पुढे तिच्या रेणूला कॅडहेरिन म्हटले. दुसरा धागा रुग्णांनी दिला, आणि माझ्या मते या कुळकथेतील सर्वांत मोठे ऋण त्यांचेच आहे. पेम्फिगस या व्याधीत तोंडात व अंगावर फोड येऊन त्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. अशा रुग्णांच्या रक्तद्रवात पेशींच्या मधल्या जागेवर जाऊन बसणारी प्रतिपिंडे असतात, हे ब्युटनर व जॉर्डन यांना 1964 मध्ये आढळले होते. त्याच प्रतिपिंडांच्या साहाय्याने अमागाई, क्लाउस-कोव्तुन व स्टॅन्ली यांनी 1991 साली त्यांचे लक्ष्य शोधून काढले: डेस्मोग्लीन 3, कॅडहेरिनच्याच कुळातील रेणू. निरोगी त्वचेचे रहस्य असे पीडित त्वचेच्या दाखल्यावरून उलगडले.

डेस्मोग्लीन 3 चा भाऊबंद डेस्मोग्लीन 1 त्वचेच्या वरच्या थरांत अधिक असतो. खाडीकाठच्या दमट उन्हाळ्यात मुलांच्या अंगावर उठणाऱ्या पाणीभरल्या फोडांच्या एका प्रकारात, स्टॅफिलोकोकस जंतूचे विष नेमका हाच रेणू छेदते, हे 2000 साली सिद्ध झाले.

ठाण्याहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरील खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत, सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने याच बंधाच्या आतल्या बाजूचा, पेशीच्या पोटातील प्लाकोफिलिन 3 हा घटक अभ्यासला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींतील त्याचे प्रमाण घटवले असता त्यांची आपसांतील पकड ढिली झाली आणि उंदरांच्या शरीरात त्यांच्या गाठी दूरवर पसरू लागल्या, असे त्या गटाने 2008 साली प्रसिद्ध केले.