पगारपत्रकातील एक ओळ

वाचकहो, आपल्यापैकी जे अंधेरी, घाटकोपर किंवा मुलुंडहून रोज लोकलने कामावर जातात, त्यांनी आपले फेब्रुवारीचे पगारपत्रक कधी नीट पाहिले आहे काय? ठरावीक मर्यादेवरील पगारातून व्यवसाय करापोटी दरमहा २०० रुपये कापले जातात. फेब्रुवारीत मात्र ३००. वर्षाचे २,५०० होतात. हा पैसा कशासाठी घेतला जाऊ लागला, हा प्रश्न ज्याला पडला त्याने सार्वजनिक धोरणाच्या अर्थशास्त्राचा पहिला धडा गिरवला असे समजावे.

या ओळीचा इतिहास मुंबईत नव्हे, तर दुष्काळी भागात सुरू होतो. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात एक प्रयोग झाला : काम मागेल त्याला काम. १९७२ च्या भीषण दुष्काळात ही कल्पना राज्यभर पोहोचली. परंतु कामावर येणाऱ्याला मजुरी द्यावयाची तर पैसा हवा. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. या कराचे व अन्य काही अधिभारांचे उत्पन्न रोजगार हमीकडे जावे आणि तेवढीच भर शासनाने घालावी, असे ठरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. उपनगरातील कारकुनाने दिलेला रुपया अशा रीतीने बांधबंदिस्ती करणाऱ्या मजुराच्या हाती पडू लागला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

येथे कोणी म्हणेल, ही तर दयाबुद्धीची गोष्ट. यात अभ्यास तो कसला? अभ्यास आहे, आणि तो बारकाईचा आहे. गरीब कोण, हे याद्या करून ठरवावयाचे की काम कष्टाचे ठेवावयाचे, म्हणजे ज्याला खरी गरज आहे तोच आपण होऊन येईल? पण वृद्धांनी व अपंगांनी मग काय करावे? बांधलेला बंधारा पुढच्या पावसात टिकणार काय? आणि २० हजार मिळवणाऱ्याने व २ लाख मिळवणाऱ्याने सारखेच २,५०० द्यावेत, हा न्याय झाला काय? ही मर्यादा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात आहे. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २५० वरून २,५०० झाली. केवळ सद्‌हेतूने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. हिशेब मांडावा लागतो.

असा हिशेब मांडण्याची मुंबईची परंपरा जुनी आहे. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग १९२१ मधला. तेथे शिकवणारे प्रा. के. टी. शहा १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीचे चिटणीस झाले. प्रा. दांतवाला १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. प्रा. लकडावाला १९७७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. गरिबी मोजण्यासाठी नेमलेल्या व १९९३ मध्ये अहवाल देणाऱ्या तज्ज्ञगटाचेही ते अध्यक्ष होते. वर्गातील फळा आणि शासनाची फाईल यांत अंतर फार नव्हते, हेच यावरून दिसते.

आज हा विभाग सांताक्रूझ पूर्वेला कलिना येथील विद्यानगरीत असून, त्याच्या नावातच सार्वजनिक धोरण आले आहे : मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगावला आहे. उपनगरातील मुलामुलींना हे ज्ञान घराजवळच उपलब्ध आहे.

पालकहो, मुलगा किंवा मुलगी हा विषय घेऊ म्हणाली तर ‘यातून नोकरी कोणती?’ एवढेच विचारू नका. आपल्या पगारपत्रकातील ती ओळ तिच्यापुढे ठेवा आणि म्हणा, हा पैसा कोठे जातो, ते शोधून मला सांग. कर तर आपण सर्वच देतो; त्याचा जाब विचारण्याइतके ज्ञान मात्र कमवावेच लागते.